टाकी फुल का करत नाहीत?

जुलैची संध्याकाळ. दिल्लीहून निघालेले विमान मुंबईत साडेसातला उतरायचे आहे. पावणेआठ होऊन गेले, तरी खिडकीतून ढग आणि मधूनच चमकणारी वीज याखेरीज काही दिसत नाही. विमान एका बाजूला कलते, सरळ होते, पुन्हा कलते. अर्ध्या तासाने कॅप्टनचा आवाज येतो: मुंबईत जोरदार पाऊस आहे, उतरण्यासाठी गर्दी आहे, इंधनाची मर्यादा लक्षात घेऊन आपण अहमदाबादला जात आहोत.

त्यानंतर आपापसात जे बोलणे सुरू होते ते पावसाळ्यात विमानाने फिरणाऱ्या प्रत्येकाने ऐकले असेल. ‘पैसे वाचवायला इंधन कमी भरतात हो.’ ‘अर्धा तास फिरवलंत तर आणखी दहा मिनिटं फिरवायचं होतं.’ आणि सगळ्यात रास्त प्रश्न: ‘निघतानाच टाकी फुल का नाही केली?’

गंमत अशी की ही घोषणा होते तेव्हा विमानात आणखी तासभर, बहुधा त्याहूनही जास्त वेळ उडता येईल इतके इंधन असते. टाकीत तासाभराचे इंधन असताना कॅप्टन मुंबईवरून निघून का जातो, हेच समजून घ्यायचे आहे.

फुल टाकीचे ओझे

आधी टाकी फुल करण्याचे पाहू. आपल्याकडच्या देशांतर्गत मार्गांवर सर्वांत जास्त दिसणारे विमान म्हणजे एअरबस ए-३२०. त्याचे इंधन पंखांच्या पोकळीत आणि दोन पंखांच्या मधल्या भागात साठवतात. टाक्या काठोकाठ भरल्या तर साधारण २३ ते २४ हजार लिटर इंधन बसते. वैमानिक मात्र लिटरमध्ये बोलत नाहीत, किलोमध्ये बोलतात. विमानाचे इंधन म्हणजे मुळात अधिक शुद्ध केलेले रॉकेलच. ते उन्हाने फुगते, थंडीने आकसते, पण वजन तेवढेच राहते आणि इंजिनाला मिळणारी ऊर्जाही वजनावरच ठरते. या हिशेबाने भरलेली टाकी १८ ते १९ टनांची होते.

दिल्ली ते मुंबई या प्रवासाला लागते पाच टनांच्या आत-बाहेर. म्हणजे टाकी फुल केली तर दहा-बारा टन इंधन विनाकारण सहलीला न्यायचे. हे वजन हवेत तोलून धरायला पंखांना अधिक उचल द्यावी लागते, त्यासाठी इंजिनांना अधिक जोर लावावा लागतो आणि तो जोर इंधनातूनच येतो. जादा घेतलेल्या इंधनापैकी सुमारे ३ ते ४ टक्के दर तासाला केवळ ते वाहून नेण्यात जळते, असा ढोबळ ठोकताळा आहे. दोन तासांच्या प्रवासात हे फारसे जाणवत नाही. पण मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानात एक टन जादा घेतले, तर तिकडे पोहोचेपर्यंत त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग स्वतःचेच ओझे वाहण्यात संपलेला असतो.

पैशांपेक्षा मोठी अडचण आणखी वेगळीच आहे. विमानाला उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त किती वजन चालेल याची मर्यादा असते, तशी उतरतानाच्या वजनालाही असते आणि ही दुसरी बरीच कमी असते. ए-३२० साधारण ७८-७९ टन वजनाने उडू शकते, पण उतरताना ६६-६७ टनांच्या वर असता कामा नये. चाके आणि सांगाडा तो दणका झेलण्यासाठी तेवढ्याच हिशेबाने बांधलेले असतात. सगळ्या जागा भरलेल्या, पोटात सामान आणि टाकीही फुल, अशा विमानाला मुळात उडायलाच परवानगी मिळणार नाही. कसेबसे उडाले तरी दोन तासांनी मुंबईवर ते उतरण्यासाठी जड ठरेल. बोइंग ७७७ सारखी बरीच मोठी विमाने गरज पडल्यास इंधन हवेत सोडून देऊ शकतात. ए-३२० आणि बोइंग ७३७ मध्ये ती सोयच नाही.

तरीही कंपन्या कधीकधी मुद्दाम जादा इंधन घेतात, पण ते स्वस्त मिळाले म्हणून. आपल्याकडे विमानाच्या इंधनावरचा मूल्यवर्धित कर राज्यागणिक वेगळा आहे. जिथे कर कमी तिथेच परतीचेही भरून घ्यायचे, हा सरळ व्यवहार. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडमधला हा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, त्यामागे हेही एक कारण होते.

पगाराची पाकिटे

मग किती भरायचे? पगार हातात आला की घरात काही माणसे पाकिटे करतात. हे भाड्याचे, हे किराण्याचे, हे आल्यागेल्याचे, हे दवाखान्याचे. आणि एक पाकीट कपाटात सर्वांत खाली, ज्याला घर पेटल्याशिवाय हात लावायचा नाही. विमानाच्या इंधनाची मांडणी नेमकी अशीच असते. टाकी एकच दिसली तरी कागदावर तिचे पाच-सहा वाटे केलेले असतात आणि जगभरच्या विमान कंपन्यांना थोड्याफार फरकाने हेच वाटे पाळावे लागतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ते आखून दिले आहेत आणि आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, त्यांची अंमलबजावणी करते.

पहिले पाकीट टॅक्सीचे. गेटपासून धावपट्टीच्या टोकापर्यंत जायला आणि तिथे रांगेत थांबायला लागणारे. दुसरे प्रत्यक्ष प्रवासाचे. त्या दिवशीचा वारा, विमानाचे वजन, ठरलेली उंची हे सारे धरून संगणक हा आकडा काढतो.

तिसरे आकस्मिक खर्चाचे. समोरचा वारा अंदाजापेक्षा जोराचा निघाला, हवी ती उंची मिळाली नाही, वादळाला वळसा घालावा लागला, अशा किरकोळ अडचणींसाठी. प्रवासाच्या इंधनाच्या ५ टक्के किंवा १५०० फुटांवर पाच मिनिटे घिरट्या घालता येतील इतके, यांपैकी जे जास्त असेल ते, असा सर्वसाधारण नियम आहे.

चौथे पर्यायी विमानतळाचे. मुंबईत उतरण्याचा प्रयत्न फसला तर तिथून पुन्हा वर चढून, आधीच ठरवलेल्या दुसऱ्या विमानतळावर जाऊन उतरण्यापुरते.

पाचवे कपाटाच्या तळातले. याला अंतिम राखीव इंधन म्हणतात. जेट विमानासाठी ते अर्ध्या तासाचे असते: विमानतळापासून १५०० फूट उंचीवर, घिरट्या घालण्याच्या वेगाने, तीस मिनिटे. नियमाची गोम अशी की हे इंधन वापरण्यासाठी दिलेले नाही. विमान कुठेही उतरो, चाके टेकताना हे तीस मिनिटांचे इंधन टाकीत शाबूत असले पाहिजे, असेच सगळे नियोजन करायचे.

सहावे पाकीट कॅप्टनच्या मर्जीचे. संगणकाने काढलेला आराखडा कॅप्टनसमोर येतो, तो मुंबईचा हवामान अंदाज वाचतो, संध्याकाळची गर्दी आठवतो आणि म्हणतो, ‘आठशे किलो वाढवा.’ हा त्याचा अधिकार आहे. कंपन्यांचे हिशेबतपासनीस कोणता कॅप्टन किती जादा घेतो यावर लक्ष ठेवतात आणि सरासरी काढून सल्लेही देतात. इंधन हा विमान कंपनीचा फार मोठा खर्च असल्याने त्यांचेही चुकते असे नाही. पण जुलैत मुंबईला निघालेल्या कॅप्टनला दिल्लीतल्या कार्यालयातून सरासरी ऐकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौकट: दिल्ली–मुंबई, पावसाळ्यातली एक संध्याकाळ
(आकडे ए-३२० साठी ढोबळ, केवळ कल्पना येण्यापुरते)
टॅक्सी: २५० किलो
प्रवास: ४,६०० किलो
आकस्मिक, ५ टक्के: २३० किलो
पर्यायी विमानतळ, अहमदाबाद: १,७०० किलो
अंतिम राखीव, ३० मिनिटे: १,१०० किलो
कॅप्टनने वाढवलेले: ८०० किलो
एकूण: ८,६८० किलो

या चौकटीतले पहिले दोन वाटे संपवूनच विमान मुंबईवर पोहोचते. उरतात तीन हजार आठशेच्या आसपास किलो. पण त्यातले घिरट्यांसाठी मोकळे फक्त आकस्मिक आणि कॅप्टनचे, मिळून हजारभर किलो. तासाला दोन-सव्वादोन टन जळते असे धरले तर ही जेमतेम अर्ध्या तासाची पुंजी झाली. बाकीच्या २,८०० किलोंवर आधीच नावे लिहिलेली आहेत.

आकाशातली रांग

मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. एका वेळी एकच चालते आणि तीवरून तासाला चाळिसाहून जास्त उड्डाणे-उतरणी होतात. दर दीड मिनिटाला एक असे हे रहाटगाडगे. पावसात दोन विमानांमधले अंतर वाढवावे लागते, एखाद्या वैमानिकाला धावपट्टी न दिसल्याने तो पुन्हा वर चढतो, ढगांमुळे येण्याची एखादी वाट बंद होते, आणि रांग लांबते. आकाशात थांबता येत नाही, म्हणून रांगेतली विमाने ठरलेल्या बिंदूवर लांबट गोल घेत राहतात. एक वळण, मिनिटभर सरळ, पुन्हा वळण, पुन्हा मिनिटभर सरळ, असा एक फेरा साधारण चार मिनिटांचा. एकाच बिंदूवर हजार-हजार फुटांच्या अंतराने विमाने एकावर एक रचलेली असतात. सर्वांत खालचे उतरायला निघाले की वरची एकेक पायरी खाली सरकतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने या घिरट्यांचा हिशेबच मांडला होता. मुंबईवर विमानांना कधीकधी ४० ते ६० मिनिटे फिरावे लागते. एक विमान तासाला सरासरी दोन हजार किलो इंधन जाळते. म्हणजे ४० मिनिटांत १.७ किलोलिटर, सुमारे १ लाख ८० हजार रुपयांचे, आणि तासाभरात अडीच किलोलिटर, २ लाख ६० हजारांचे. हे सांगून सरकारने विमानतळाला गर्दीच्या वेळी तासाला ४६ ऐवजी ४४ आणि इतर वेळी ४४ ऐवजी ४२ विमानांची ये-जा ठेवायला सांगितले. नियोजनात दोन विमाने कमी झाली तरी आकाशातली रांग बरीच आखडते, कारण अगदी काठोकाठ भरलेल्या वेळापत्रकात एक मिनिटाचा उशीर मागच्या प्रत्येक विमानाला भोगावा लागतो.

घिरट्यांचा खर्च कमी करायच्या युक्त्या वैमानिकांकडे असतात. उशीर होणार हे तासभर आधी कळले तर ते वरच वेग कमी करतात. दाट हवेत, म्हणजे खाली, जेट इंजिन जास्त पिते; म्हणून वाट बघायचीच तर जितके उंचावर बघता येईल तितके बरे. घिरट्या घालताना विमान कमीत कमी इंधन लागेल अशा मंद वेगाने चालवतात. याहून चांगला उपाय म्हणजे जमिनीवरच थांबणे. मुंबईत गर्दी असेल तर दिल्लीत विमानाला अर्धा तास गेटवर उभे करतात आणि आत बसलेले आपण वैतागतो. इंजिने बंद ठेवून गेटवर घालवलेला तो अर्धा तास मुंबईवरच्या अर्ध्या तासाइतकाच लांब असतो, फक्त त्यात पाकीट रिकामे होत नाही.

निघण्याची वेळ

मुंबईवर फेरे चालू असताना कॅप्टनच्या नजरेसमोर एकच आकडा असतो: अहमदाबादचे १,७०० अधिक राखीव १,१००, म्हणजे २,८००. काटा तिथे आला की निघायचे. मुंबईत उतरायला नंबर दुसरा असला तरी निघायचे, कारण पहिल्याला धावपट्टी दिसेलच याची खात्री कुणी देत नाही.

‘आणखी दहा मिनिटे’ थांबले तर काय होईल? दहा मिनिटांत साडेतीनशे-चारशे किलो जातील आणि अहमदाबादला पोहोचताना राखीव पाकीट फुटलेले असेल. शिवाय मुंबई बंद पडली की एकटे आपलेच विमान निघत नाही. अहमदाबाद, सुरत, गोवा, नागपूर, हैदराबाद इथे एकाच वेळी पाच-पाच, दहा-दहा विमाने जाऊन पोहोचतात. मग तिथेही रांग लागते आणि विमाने उभी करायला जागा उरत नाही. पुणे जवळ आहे, पण तो मुळात हवाई दलाचा तळ आणि तिथली उभे राहण्याची जागा मर्यादित. नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झाला आहे, पण मुंबईवर कोसळणारा ढग खाडी ओलांडून तिकडेही असतोच. पर्याय निवडताना तो आपल्या गंतव्याच्या दुखण्यातून सुटलेला हवा.

पर्यायी विमानतळाचे इंधन मुंबईवरच जाळून ‘आता काहीही झाले तरी इथेच उतरू’ असे ठरवायला नियम काही परिस्थितीत मुभा देतात. हवा सुधारते आहे, उतरण्याची वेळ पक्की मिळाली आहे, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या दोन धावपट्ट्या आहेत, अशा ठिकाणी हा निर्णय शहाणपणाचाही ठरतो, कारण दूरच्या अनोळखी गर्दीपेक्षा जवळची खात्री बरी. मुंबईत पावसाळ्यात मात्र तो मला पटत नाही. १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेले एक विमान मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरून चिखलात रुतले. ते काढायला काही दिवस लागले आणि तोवर मुख्य धावपट्टी बंदच राहिली. दुसऱ्या, आखूड धावपट्टीवर सगळा भार आला. असे विमान दोन्ही धावपट्ट्या जिथे छेदतात तिथेच अडकले तर?

उशिरा निघण्याची किंमत काय असते हे १८ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे केरळात दिसले. दोहाहून कोचीला आलेले बोइंग ७३७ कमी दृश्यमानतेमुळे तीनदा उतरता उतरता पुन्हा वर चढले. प्रत्येक वेळी इंजिने पूर्ण ताकदीने चालवून चढायचे, वळसा घालून पुन्हा रांगेत यायचे. यात शेकडो किलो इंधन जाते. मग ते तिरुवनंतपुरमला गेले. तिथेही धुके. तिथल्या चौथ्या, म्हणजे एकूण सातव्या प्रयत्नात ते उतरले तेव्हा टाकीत सुमारे ३५० किलो इंधन उरले होते. ७३७ साठी हे दहा मिनिटांच्या आतले. कुणाला इजा झाली नाही. पण कपाटातल्या पाकिटात अकराशे-बाराशे किलो असायला हवे होते आणि ते फोडून खाल्ले गेले होते. कोचीवरचा प्रत्येक प्रयत्न पुढच्या विमानतळांची यादी आखूड करत गेला, हे या घटनेत लक्षात ठेवण्यासारखे.

कोणता शब्द वापरायचा

इंधन संपत आले हे नियंत्रकाला सांगायचे कसे, या एका प्रश्नाने ७३ माणसांचा जीव घेतला आहे. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियातल्या मेडेलिनहून न्यूयॉर्कला निघालेले आव्हियांका कंपनीचे बोइंग ७०७ खराब हवेमुळे तीन ठिकाणी मिळून एक तास सतरा मिनिटे घिरट्या घालत होते. तिसऱ्या ठिकाणी आणखी थांबायला सांगितल्यावर सहवैमानिकाने आपल्याला प्राधान्य हवे आहे असे सांगितले, फार तर पाच मिनिटे थांबू शकू म्हणाला आणि पर्यायी विमानतळ बॉस्टन आता आपल्या आवाक्यात नाही हेही बोलला. पण ही सगळी माहिती एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे पोहोचली नाही. पुढच्या नियंत्रकांच्या लेखी ते रांगेतले आणखी एक विमान होते.

पहिला उतरण्याचा प्रयत्न जोरदार वाऱ्यात फसला. कॅप्टनने सहवैमानिकाला आणीबाणी जाहीर करायला सांगितले. रेडिओवर मात्र इंधन संपत चालले आहे एवढेच गेले, तेही इतर बोलण्याच्या ओघात. नियंत्रकाने त्यांना पुन्हा एक मोठा वळसा दिला. वळशातच इंजिने एकेक करून बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक इथल्या टेकडीवर आदळले. टाकी कोरडी असल्याने आग लागली नाही आणि १५८ पैकी ८५ जण वाचले. त्या रात्री सर्वच विमानांना उशीर होत होता आणि सर्वांचेच इंधन कमी होत होते. नियंत्रकाला हालचाल करायला लावणारे शब्द ‘मेडे’ आणि ‘इमर्जन्सी’. ते रेडिओवर कुणी उच्चारलेच नाहीत.

आता यासाठी दोन ठरीव वाक्ये आहेत, २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत लिहिलेली. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे: मी आता याच विमानतळावर उतरणार, आणखी उशीर केलात तर राखीवाला हात लागेल. ही आणीबाणी नव्हे, यात आपोआप प्राधान्यही मिळत नाही. नियंत्रकाने सावध व्हायचे एवढेच. ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ म्हणजे: जवळच्या सुरक्षित विमानतळावर टेकताना राखीव अर्ध्या तासापेक्षा कमी उरेल असा माझा हिशेब सांगतो. हे पुकारले की बाकी सगळे बाजूला होतात. बातम्यांत ‘इंधन संपल्याने मेडे’ असे वाचले की आपण धसकतो. प्रत्यक्षात ती हाक इंधन संपल्यावर नव्हे, तळातले पाकीट उघडावे लागेल असे दिसताच द्यायची असते. ती देणारा वैमानिक आपले काम चोख करतो आहे असे समजावे.

याच्या उलट टोक म्हणजे पाकिटेच न करणे. २८ नोव्हेंबर २०१६ ला ब्राझीलच्या शापेकोएन्से फुटबॉल संघाला घेऊन बोलिव्हियाहून मेडेलिनला निघालेल्या विमानाच्या कागदावर प्रवासाचा वेळ आणि इंधन पुरण्याचा वेळ एकच लिहिला होता: ४ तास २२ मिनिटे. ते मेडेलिनच्या अलीकडे कोसळले. ७७ पैकी ७१ गेले.

मोजणेच चुकले तर

वर सांगितलेले सगळे गणित टाकीत खरोखर किती आहे हे माहीत असण्यावर उभे आहे. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या नव्या कोऱ्या बोइंग ७६७ चे इंधनकाटे बंद होते, म्हणून टाकीतली पातळी हाताने मोजून वजन काढले गेले. कॅनडा तेव्हा पौंडावरून किलोकडे वळत होता. लिटरचे वजन काढताना पौंडाचा आकडा वापरला आणि उत्तर किलो समजले. हवे होते २२,३०० किलो, होते त्याच्या निम्म्याहूनही कमी. हवेतच दोन्ही इंजिने थांबली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. त्यांनी विमान तरंगवत गिम्ली इथल्या हवाई दलाच्या जुन्या, मोटारशर्यतींसाठी वापरात असलेल्या धावपट्टीवर उतरवले. ६९ पैकी एकही दगावला नाही.

म्हणून प्रवासात ठरावीक टप्प्यांवर वैमानिक ताळा करतात: आतापर्यंत जळलेले अधिक उरलेले, बेरीज निघतानाच्या आकड्याइतकी हवी. कमी भरली तर कुठेतरी गळती आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये टोरोंटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या ए-३३० मध्ये अशीच गळती होती. एका बाजूचे इंधन कमी दिसते म्हणून दुसऱ्या बाजूचे तिकडे सोडले गेले आणि तेही गळून गेले. अटलांटिकवर इंजिने बंद पडल्यावर सुमारे १९ मिनिटे तरंगत ते अझोर्स बेटांवर उतरले. ३०६ जण वाचले.

वळवलेल्या विमानात बसल्यावर

आता पुन्हा अहमदाबादच्या विमानतळावर उभ्या असलेल्या त्या विमानात येऊ. इंधन भरायला वीस मिनिटे लागतात, मग दोन तास का बसवून ठेवतात? कारण तिथे आणखी आठ विमाने इंधनाच्या गाडीची वाट बघत असतात. मुंबईत उतरायची नवी वेळ मिळावी लागते. नवा आराखडा बनतो आणि सहाही पाकिटे पुन्हा पहिल्यापासून भरावी लागतात, कारण मुंबईत पुन्हा तोच प्रसंग येऊ शकतो. वैमानिकांच्या कामाच्या तासांना डीजीसीएची कडक मर्यादा आहे. ती ओलांडली जाणार असेल तर त्याच वैमानिकांना विमान पुढे नेता येत नाही आणि दुसरे दल येईपर्यंत सगळे तिथेच. विमान कंपन्या यातले काहीच नीट सांगत नाहीत. ‘ऑपरेशनल कारणास्तव’ या दोन शब्दांवर बोळवण करतात आणि प्रवाशांचा संताप बिचाऱ्या केबिन क्रूवर निघतो. कॅप्टनने दोन मिनिटे काढून सरळ हिशेब सांगितला तर निम्मी भांडणे होणार नाहीत.

खराब हवामानामुळे झालेल्या उशिराची भरपाई कंपनीला द्यावी लागत नाही, हेही माहीत असलेले बरे. तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये मुंबईला संध्याकाळच्या विमानाने येणार असाल तर रोजची औषधे हातातल्या बॅगेत ठेवा, फोन चार्ज करून निघा, आणि मुंबईहून पुढची रेल्वे किंवा परदेशी विमान गाठायचे असेल तर मध्ये किमान चार-पाच तासांचे अंतर ठेवून तिकीट काढा.